अभिज्ञान आणि अर्बुद : अंडाशयाच्या कर्करोगावरील पेशी-उपचाराचे स्वरूप

परकीयाला ओळखून काढणे आणि स्वकीयाला इजा न होऊ देणे, ही शरीराच्या संरक्षणव्यवस्थेची दोन परस्परावलंबी कार्ये होत. क्षयाचा जंतू बाहेरून येतो. त्याचे परकेपण उघड असते. कर्करोगाची गोष्ट निराळी आहे. कर्करोगाची पेशी शरीराच्या स्वतःच्याच पेशीपासून निपजते. तिचे कूळ तेच, तिच्या अंगावरील बहुतेक खुणाही त्याच. फरक पडतो तो वागणुकीत. वाढ थांबविण्याची आज्ञा ती मानीत नाही आणि आपली जागा सोडून अन्यत्र पसरते. संरक्षक पेशींनी तिला शत्रू म्हणून ओळखावे तरी कसे, हा प्रश्न म्हणूनच वैद्यकाच्या दृष्टीने अवघड ठरला. ही ओळख निसर्गावर न सोपविता प्रयोगशाळेत घडवून आणावयाची, ही कल्पना गेल्या चार दशकांत आकारास आली. रुग्णाच्याच रक्तातील पेशी बाहेर काढून, त्यांत नवे जनुक घालून, त्या पुन्हा शरीरात सोडण्याच्या ह्या पद्धतीस 'कार-टी' उपचार असे म्हणतात.

मराठी वृत्तपत्रांचा वाचक हा शब्द २०२३ सालापासून वारंवार वाचीत आला आहे. मुंबईत सिद्ध झालेल्या ह्या प्रकारच्या पहिल्या भारतीय उपचारास त्या वर्षी मान्यता मिळाली. परंतु ती मान्यता रक्ताच्या काही विशिष्ट कर्करोगांपुरती आहे. अंडाशयाचा कर्करोग त्यांत येत नाही. जगात कोठेही ह्या रोगावर कार-टी उपचारास अद्याप मान्यता मिळालेली नाही. 'कर्करोगावर नवा उपाय' ह्या मथळ्यातून मात्र हा भेद पोहोचत नाही. ज्या घरात अंडाशयाच्या कर्करोगाने आजारी असलेली स्त्री आहे, त्या घराने ह्या वार्तेतून कितपत आशा बाळगावी, हे कळण्यासाठी शास्त्र समजले पाहिजे. आणि ते ज्या शब्दांतून समजून घ्यावयाचे त्या शब्दांचीही पारख झाली पाहिजे. भारतीय भाषांच्या अभ्यासकांना ह्या विषयात रस असावा तो ह्या दुसऱ्या कारणासाठी.

१. नावांचा प्रश्न

'कर्करोग' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो भाषांतरित आहे ह्याचे विस्मरण होते. ग्रीक वैद्यांनी ह्या व्याधीस खेकड्याचे नाव दिले; लॅटिनमधून ते 'कॅन्सर' ह्या रूपाने युरोपीय भाषांत गेले; आणि 'कर्क' म्हणजे खेकडा ह्या अर्थाच्या आधारे आपल्याकडे 'कर्करोग' तयार झाला. प्राचीन भारतीय वैद्यकाचा शब्द वेगळा होता. सुश्रुताने 'अर्बुद' हा शब्द वापरला असून, एका अर्बुदावर किंवा त्याच्या जवळ दुसरे उद्भवल्यास त्याला 'अध्यर्बुद' आणि 'द्विरर्बुद' अशी नावे दिली आहेत. एक शब्द आकारावरून आलेला, दुसरा वाढीवरून.

ह्याहून अधिक गुंतागुंत 'पेशी' ह्या शब्दात आहे. सुश्रुतसंहितेत पेशी म्हणजे मांसाचा गोळा. शरीरात अशा पाचशे पेशी असल्याचे तेथे सांगितले आहे. हिंदीने हा अर्थ 'मांसपेशी' ह्या शब्दात जपला आणि शरीराच्या सूक्ष्मतम सजीव घटकासाठी 'कोशिका' हा शब्द घेतला. मराठीने मात्र त्या घटकालाच 'पेशी' म्हटले आणि मांसाच्या गोळ्यासाठी 'स्नायू' हा शब्द योजला. हिंदीत 'स्नायु' बहुधा संवेदना वाहणाऱ्या तंतूचा बोध करून देतो. मराठीत त्यास 'मज्जातंतू' म्हणतात. दोन भगिनीभाषांनी एकाच संस्कृत भांडारातून शब्द उचलले, पण ते भलत्याच अवयवांवर बसविले.

हा भेद केवळ कोशकारांच्या चर्चेचा विषय नाही. रायपूर शहरात रेल्वेरुळांच्या पलीकडे वसलेल्या गुढियारीसारख्या भागातील एखादे मराठी कुटुंब उदाहरणादाखल कल्पावे. घरात मराठी, शेजारात छत्तीसगढी, बाजारात आणि रुग्णालयात हिंदी, आणि तपासणीचा अहवाल इंग्रजीत, अशा चार भाषांतून त्या घरातील आजार प्रवास करतो. डॉक्टर 'टी-कोशिका' म्हणतात. मराठी वृत्तपत्र 'टी-पेशी' म्हणते. आणि हिंदीतून शिकलेल्या मुलाला 'पेशी' ह्या शब्दाने दंडाचा स्नायू आठवतो. 'अंडाशय', 'बीजांडकोश', 'स्त्रीबीजकोश', 'डिंबग्रंथि' ही सारी एकाच अवयवाची नावे; तथापि घरातील वडीलधारी स्त्री ह्यांपैकी एकही उच्चारीत नाही. ती 'पिशवी' म्हणते, आणि त्या शब्दाने तिला गर्भाशय अभिप्रेत असते. 'पिशवी काढली' म्हणजे आता त्या भागाचा कर्करोग संभवत नाही, असा समज त्यातून सहज होतो. वस्तुतः गर्भाशय काढताना अंडाशय काढले जातातच असे नाही. ते राहिले असतील तर त्यांचा धोकाही राहतो.

छत्तीसगढातील मराठीची ही द्विभाषिक स्थिती जुनी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले ह्यांनी १७५८ ते १७८७ ह्या काळात रतनपूरहून ह्या प्रदेशाचा कारभार पाहिला, आणि त्यानंतरही नागपूरशी ह्या प्रदेशाचा संबंध दीर्घकाळ टिकला. माधवराव सप्रे ह्यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले आणि काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्राच्या परिभाषेचे कामही केले. १९२६ साली रायपूर येथेच त्यांचे निधन झाले. मराठी घरातून आलेल्या ह्या संपादकाला नव्या ज्ञानासाठी हिंदी शब्द घडविण्याचे महत्त्व पटले होते. त्या कामाची निकड वैद्यकाच्या क्षेत्रात आजही संपलेली नाही.

२. रोगाचे स्वरूप

अंडाशयाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांत स्तन आणि गर्भाशयमुख ह्यांच्या खालोखाल आढळणारा कर्करोग आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात सुमारे ३ लाख २४ हजार नवे रुग्ण आणि सुमारे २ लाख ७ हजार मृत्यू नोंदले गेले. भारतापुरते हे आकडे अनुक्रमे सुमारे ४७ हजार आणि ३३ हजार आहेत. नव्या रुग्णांच्या आणि मृत्यूंच्या संख्येतील हे जवळचे प्रमाणच ह्या रोगाची दारुणता सांगते.

ह्या दारुणतेचे मुख्य कारण म्हणजे निदानाला होणारा उशीर. अंडाशय उदराच्या तळाशी असतात. त्यांवरील लहानशी गाठ हाताला लागत नाही आणि दुखतही नाही. पोट फुगणे, थोडे खाल्ल्यावर पोट भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीस लागणे ही लक्षणे इतकी सामान्य आहेत की ती अपचनाच्या किंवा वयाच्या नावावर खपून जातात. पोटात पाणी साचू लागते तेव्हा संशय येतो. ह्या अवस्थेचे भारतीय नाव 'जलोदर'. हरिश्चंद्राने नवस न फेडल्यामुळे वरुणाने त्याचे उदर फुगविल्याची कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे, ती ह्याच लक्षणाची. आजच्या वैद्यकाला मात्र त्या पाण्यात दैवी कोप न दिसता गाठीपासून सुटून उदरपोकळीभर तरंगणाऱ्या पेशी दिसतात. बहुसंख्य रुग्णांत निदान होते तेव्हा रोग उदराच्या अस्तरावर आणि आतड्यांवरील मेदाच्या पडद्यावर पसरलेला असतो.

ह्या रोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या आणि आक्रमक प्रकाराचा उगम बहुधा अंडाशयात नसून, अंडवाहिनीच्या टोकाशी असलेल्या झालरीसारख्या भागात होतो, असे आता मानले जाते. म्हणजे 'अंडाशयाचा कर्करोग' हे नावही काहीसे परंपरेने चालत आलेले आहे. रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली रक्तातील 'सीए-१२५' ह्या द्रव्याचा शोध लावला. उपचाराचा परिणाम पाहण्यास त्याचा उपयोग होतो. परंतु ह्या तपासणीच्या आधारे निरोगी स्त्रियांची चाळणी करून मृत्यू टाळता येतील, ही अपेक्षा फळास आली नाही. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, चाळणीमुळे ह्या रोगाच्या मृत्यूंत घट झाली नाही.

उपचारांचा पाया शस्त्रक्रिया आणि प्लॅटिनमयुक्त औषधे हाच आहे. ह्या औषधांना प्रारंभी रोग चांगला प्रतिसाद देतो. पण प्रगत अवस्थेतील बहुतेक स्त्रियांत तो पुन्हा उद्भवतो, आणि प्रत्येक परतीनंतर औषधांचा प्रभाव कमी होत जातो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील डॉ. शर्मिला बापट ह्यांनी २००५ साली अंडाशयाच्या कर्करोगात मूलपेशींसारखे वर्तन करणाऱ्या पेशी असल्याचे दाखवून दिले. एकाच गाठीत निरनिराळ्या स्वभावाच्या पेशी नांदतात, आणि त्यांपैकी थोड्या जरी शिल्लक राहिल्या तरी रोग नव्याने उभा राहू शकतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढील विवेचन समजणार नाही.

३. अभिज्ञानाची कृत्रिम व्यवस्था

रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी 'टी' पेशी छातीतील थायमस ह्या ग्रंथीत परिपक्व होतात. त्यांच्या नावातील आद्याक्षर तेथूनच आले. शरीरातील प्रत्येक पेशी आपल्या अंतर्भागातील प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. टी-पेशी त्यांची पाहणी करीत फिरते, आणि अपरिचित तुकडा आढळला तर त्या पेशीचा नाश करते. कर्करोगाच्या पेशी ही मांडणीच आवरती घेतात आणि अशा रीतीने पाहणीतून निसटतात.

'अभिज्ञान' ह्या शब्दाची येथे आठवण होणे साहजिक आहे. कालिदासाच्या नाटकात दुष्यंत शकुंतलेला प्रत्यक्ष पाहूनही ओळखत नाही. मुद्रिका पाहिल्यावर ओळखतो. टी-पेशीचे ज्ञानही ह्याच जातीचे आहे. ती समोरच्या पेशीचा स्वभाव जाणत नाही. ती फक्त खूण जाणते. खूण हरवली तर ओळख नाही. आणि तीच खूण दुसऱ्याच्या हाती दिसली तर चुकीची ओळख. ह्या उपचाराचे यश आणि अपयश ह्या दोन शक्यतांत सामावले आहे.

ही खूण ओळखणारा नवा अवयव टी-पेशीवर बसविण्याची कल्पना १९८० नंतरच्या दशकात पुढे आली. इस्राएलमधील वाइझमन संस्थेतील झेलिग एशार आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९८९ साली ती स्पष्टपणे मांडली. प्रतिपिंड नावाचे रक्तातील प्रथिन एखाद्या खुणेला नेमके चिकटते. पण ते पेशी मारीलच असे नाही. टी-पेशी मारू शकते; पण तिला दडलेली खूण दिसत नाही. प्रतिपिंडाचे टोक आणि टी-पेशीतील आज्ञावाहक भाग ह्यांचा सांधा जुळविला, तर पृष्ठभागावरील खूण थेट पाहून मारणारी पेशी मिळेल, असा हा विचार होता. ह्या जोडप्रथिनाच्या इंग्रजी नावातील पहिला शब्द ग्रीक पुराणातील कायमेरा ह्या सिंह, बोकड आणि सर्प ह्यांच्या अवयवांनी बनलेल्या प्राण्यावरून घेतला आहे. भारतीय वाचकाला त्याच्या जोडीला सारळादासांच्या ओडिया महाभारतातील, नऊ प्राण्यांच्या अवयवांनी सिद्ध झालेला नवगुंजर आठवेल. मराठीत त्यास 'संमिश्र ग्राही' म्हणता येईल. पुढे ह्या ग्राहीत पेशीला टिकून राहण्याची आणि वाढण्याची प्रेरणा देणारा आणखी एक भाग जोडण्यात आला, आणि तेव्हाच हा उपचार खऱ्या अर्थाने उपयुक्त झाला.

प्रत्यक्ष कृती अशी असते : रुग्णाचे रक्त एका यंत्रातून फिरवून त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात. प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने नव्या ग्राहीचे जनुक टी-पेशींत घालतात, त्यांची कोट्यवधींच्या संख्येने वाढ करतात आणि कसोट्या लावून त्या रुग्णालयात पाठवितात. नव्या पेशींना जागा मिळावी म्हणून रुग्णाला आधी थोडी रसायने दिली जातात. त्यानंतर रक्त चढवावे तशा ह्या पेशी शिरेतून सोडल्या जातात. हे औषध शरीरात वाढते, हा त्याचा विशेष. आणि तोच त्याचा धोकाही. पेशी एकाएकी चेतल्या तर तीव्र ताप, रक्तदाब खालावणे, श्वासाचा त्रास, प्रसंगी संभ्रमावस्था उद्भवते. ह्यावर औषधे आहेत. परंतु त्यासाठी जाणकार रुग्णालय आणि सतत देखरेख आवश्यक असते.

ह्या इतिहासात अंडाशयाच्या कर्करोगाचे स्थान विलक्षण आहे. फिलाडेल्फियातील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे कार्ल जून ह्यांनी २०१० साली रक्ताच्या कर्करोगाच्या प्रौढ रुग्णांवर आणि २०१२ साली सहा वर्षांच्या एका मुलीवर हा उपचार यशस्वी केला, आणि त्याच कार्यातून ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेत पहिल्या कार-टी उपचारास मान्यता मिळाली. ह्याच जून ह्यांच्या पत्नीला १९९६ साली अंडाशयाचा कर्करोग झाला होता आणि २००१ साली त्यातच त्यांचा अंत झाला. त्या वियोगाने संशोधनाला जोर आला हे जून ह्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. प्रेरणा एका रोगाने दिली आणि फळ दुसऱ्या रोगाच्या रुग्णांना मिळाले.

४. मुंबईतील कार्य

मुंबईच्या परळ भागात टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली कर्करोगाच्या मूलभूत संशोधनाची परंपरा येथे रुजली. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या पुण्याच्या कमल समर्थ, ह्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय ह्यांच्याकडे काम केले आणि परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. मानवी पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवून वाढविणे, हे त्या काळी मूलभूत संशोधनाचे साधन होते. आजच्या पेशी-उपचाराचा सारा कारखाना त्याच क्रियेवर चालतो.

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील प्रा. राहुल पुरवार आणि टाटा स्मारक केंद्रातील डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला आदी डॉक्टर ह्यांच्या सहकार्यातून 'नेक्सकार-१९' हा उपचार सिद्ध झाला. २०१८ साली ह्या कामासाठी 'इम्यूनोॲक्ट' ही कंपनी स्थापन झाली. जून २०२१ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील टाटा केंद्रात पहिल्या रुग्णाला ह्या पेशी देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ह्यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. २०२५ साली 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे, परिणाम तपासता आलेल्या ५१ रुग्णांपैकी ७३ टक्क्यांत रोगाने प्रतिसाद दिला. अमेरिकेतील पहिल्या उपचाराची किंमत प्रारंभी ४ लाख ७५ हजार डॉलर होती. मुंबईतील उपचाराची किंमत सुमारे ४० लाख रुपयांच्या घरात ठेवण्यात आली. ही रक्कम परदेशाच्या मानाने फार कमी असली तरी गुढियारीतील सामान्य घराच्या आवाक्यातील नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

ह्या उपचाराची मान्यता पंधरा वर्षांवरील, आणि इतर औषधांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या, बी-पेशींच्या कर्करोगांसाठी आहे. नावातील १९ हा आकडा 'सीडी-१९' ह्या खुणेचा. ही खूण बी-पेशींवरच असते. निरोगी बी-पेशींवरही ती असल्याने त्याही मरतात. पण बी-पेशींवाचून माणूस जगू शकतो, आणि त्यांनी तयार करावयाची प्रतिपिंडे बाहेरून देता येतात. येथे मुद्रिका चुकीच्या हातातही आहे. परंतु त्या चुकीची किंमत सोसण्याजोगी आहे. अंडाशयाच्या बाबतीत हेच म्हणता येत नाही.

५. अडथळे

अंडाशयाच्या कर्करोगात टी-पेशींना काही अर्थ आहे की नाही, ह्याचे उत्तर २००३ साली मिळाले. १८६ रुग्णांच्या गाठींची तपासणी करता, ज्यांच्या गाठीच्या आत टी-पेशी शिरलेल्या होत्या त्यांपैकी ३८ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. ज्यांच्या गाठीत त्या नव्हत्या त्यांच्यात हे प्रमाण केवळ ४.५ टक्के होते. आत पोहोचलेली टी-पेशी उपयोगी पडते, हे ह्यावरून सूचित झाले. प्रश्न उरला तो तिला पोहोचविण्याचा.

पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत झाला. फोलेट ग्राही ह्या खुणेविरुद्ध घडविलेल्या टी-पेशी १४ स्त्रियांना देण्यात आल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराशाजनक होता : एकीचीही गाठ लहान झाली नाही, आणि दिलेल्या पेशी बहुतेकींच्या रक्तातून थोड्याच काळात नाहीशा झाल्या. पुढे पेन्सिल्व्हेनियात मेसोथेलिन ह्या खुणेवर झालेल्या चाचणीत, अंडाशयासह तीन प्रकारच्या कर्करोगांच्या १५ रुग्णांपैकी ११ जणांत रोग काही काळ स्थिर राहिला. ह्याहून अधिक काही साधले नाही. हा अहवाल २०१९ सालचा.

ह्या अपयशांची कारणे चार सांगता येतील. पहिले कारण प्रवासाचे. रक्ताचा कर्करोग रक्तात आणि मज्जेत असतो, आणि शिरेतून सोडलेली पेशी आपोआप तेथे जाते. घन अर्बुदापर्यंत तिला वाट काढावी लागते. दुसरे परिसराचे. गाठीभोवती प्राणवायू आणि पोषण तुटपुंजे असते, आणि टी-पेशीला निष्क्रिय करणारी द्रव्ये विपुल असतात. आत पोहोचलेली पेशीही लवकरच थकते. तिसरे वैविध्याचे. एकाच गाठीतील काही पेशींवर खूण असते, काहींवर नसते. खूण असलेल्या मारल्या गेल्या तरी बाकीच्या वाढतात. म्हणजे मुद्रिका पाण्यात पडल्यासारखे होते.

चौथे कारण सर्वांत गंभीर. अंडाशयाच्या कर्करोगावरील बहुतेक खुणा निरोगी अवयवांवरही थोड्याफार प्रमाणात असतात. मेसोथेलिन फुप्फुस, हृदय आणि उदर ह्यांच्या अस्तरांवर आढळते. अशा चुकीच्या ओळखीचा परिणाम २०१० साली नोंदलेल्या एका घटनेत दिसला. आतड्याच्या कर्करोगाच्या एका रुग्णेला 'हर-२' ह्या खुणेविरुद्धच्या पेशी देण्यात आल्या. फुप्फुसातील निरोगी पेशींवरही ती खूण अल्प प्रमाणात होती. रुग्णा पाच दिवसांत दगावली. तेव्हापासून ह्या क्षेत्रात पेशींची मात्रा अत्यंत सावधपणे वाढविली जाते.

६. चालू प्रयत्न

ह्या चारही अडथळ्यांवर उपाय शोधले जात आहेत. अंडाशयाचा कर्करोग दीर्घकाळ उदरपोकळीतच राहतो. म्हणून पेशी शिरेऐवजी थेट उदरात सोडण्याचा मार्ग काही चाचण्यांत अवलंबिला आहे. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग केंद्राने 'म्यूक-१६' ह्या प्रथिनाच्या पेशीवरच उरणाऱ्या भागाविरुद्ध पेशी घडविल्या. सीए-१२५ म्हणजे ह्याच प्रथिनाचा रक्तात सुटून येणारा भाग होय. त्या पेशींना परिसराशी झुंजता यावे म्हणून 'इंटरल्यूकिन-१२' हे चेतक द्रव्य स्रवण्याची क्षमताही दिली. फ्लोरिडातील मॉफिट केंद्रात अंडाशयाशी निगडित अशा एका संप्रेरकग्राहीला लक्ष्य केले असून, तेथील पहिल्या रुग्णेवर २०२२ साली उपचार झाले. जर्मनीत 'क्लॉडिन-६' ह्या, गर्भावस्थेनंतर निरोगी अवयवांत जवळजवळ न आढळणाऱ्या खुणेविरुद्ध चाचणी झाली. २०२३ सालच्या अहवालात सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या गाठी आकसल्याचे दिसले. त्यांत वृषणाच्या कर्करोगाचे रुग्ण अधिक असले तरी अंडाशयाचेही होते. दोन खुणा एकत्र दिसल्या तरच मारावयाचे, अशी दुहेरी पडताळणी पेशीत बसविण्याचे प्रयोगही सुरू आहेत.

अन्य घन अर्बुदांत मर्यादित यश मिळू लागले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सांध्यांजवळच्या एका विरळ कर्करोगासाठी जनुक बदललेल्या टी-पेशींना अमेरिकेत मान्यता मिळाली. घन अर्बुदाच्या बाबतीत अशी मान्यता प्रथमच दिली गेली. २०२५ साली चीनमधील जठराच्या कर्करोगावरील कार-टी चाचणीत, नेहमीच्या उपचाराने रोग सरासरी १.७७ महिने रोखला जात असता, पेशींनी तो ३.२५ महिने रोखला. हा लाभ अल्प आहे. परंतु तुलनात्मक चाचणीत तो सिद्ध झाला, हे महत्त्वाचे.

७. शब्दांची जबाबदारी

ह्या विवेचनावरून असे म्हणता येईल की, अंडाशयाच्या कर्करोगावरील पेशी-उपचार आज मान्यताप्राप्त औषध नसून संशोधनाचा विषय आहे. त्यात सहभागी होणारी स्त्री ही प्रयोगातील सहभागी असते आणि तिची संमती हा त्या प्रयोगाचा नैतिक पाया असतो. संमतिपत्र मराठीत किंवा हिंदीत छापले म्हणजे ते समजले असे होत नाही. 'उपचार' आणि 'चाचणी', 'प्रतिसाद' आणि 'बरे होणे', 'रोग स्थिर आहे' आणि 'रोग गेला' ह्या शब्दजोड्यांतील अंतर ज्या भाषेत स्पष्ट होत नाही, त्या भाषेत संमतीही स्पष्ट होत नाही. '७३ टक्के प्रतिसाद' ह्याचा अर्थ शंभरांपैकी त्र्याहत्तर बरे झाले असा नाही, आणि तो आकडा अंडाशयाच्या कर्करोगाचा तर मुळीच नाही.

युद्धाच्या रूपकाबाबतही सावध राहणे इष्ट. सुसान साँटाग ह्यांनी १९७८ साली रोगाविषयीच्या अशा रूपकांवर आक्षेप घेतला होता. टी-पेशींना 'सैनिक' म्हणण्याची रीत मराठीतही रुळली आहे. सैनिक म्हटला की विजय-पराजय आला, आणि पराजयाचा दोष नकळत रुग्णावर येतो. 'ओळख' हे रूपक ह्या शास्त्राला अधिक जवळचे आहे, कारण उपचार फसतो तो बहुधा शौर्याच्या अभावी नव्हे. ओळख चुकल्याने, पोहोचता न आल्याने किंवा पेशी थकल्याने फसतो.

रायपूरहून मुंबई लोहमार्गाने सुमारे १,१०० किलोमीटर आहे. ज्या स्त्रीला अंडाशयाचा कर्करोग आहे, तिच्या घराने कार-टी उपचाराच्या आशेवर हा प्रवास करून हाती असलेली शस्त्रक्रिया आणि औषधे लांबणीवर टाकणे धोक्याचे ठरेल. ते मूळ उपचार रायपूरच्या डॉ. आंबेडकर रुग्णालयातील प्रादेशिक कर्करोग केंद्रासारख्या ठिकाणी मिळू शकतात. तसेच बीआरसीए ह्या जनुकांत दोष असल्यास तिच्या बहिणींना आणि मुलींनाही हा धोका संभवतो, आणि त्याची तपासणी आज करता येते. ही माहिती कार-टी उपचाराच्या वार्तेइतकी आकर्षक नाही, पण त्या घराला तिचा उपयोग अधिक आहे.

मराठीत विज्ञानलेखनाची परंपरा दीर्घ आहे. मराठी विज्ञान परिषदेची स्थापनाच १९६६ सालची. शब्दांची उणीव आता फारशी नाही. उणीव आहे ती कोशातील शब्द आणि घरातील शब्द ह्यांच्यामधील दुव्याची. 'पिशवी' म्हणणाऱ्या स्त्रीला 'अंडाशय' हा शब्द तिच्या शरीरातील नेमक्या जागेसह कळला, आणि 'चाचणी' म्हणजे अनिश्चित फळाचा प्रयत्न हे तिला होकार देण्यापूर्वी उमगले, तर भाषेने आपले काम केले असे म्हणता येईल. उरलेले काम प्रयोगशाळांचे आहे, आणि ते अद्याप पुरे झालेले नाही.